भाड्याची सायकल

भाड्याने सायकल देणाऱ्याला एकच घोर असतो: ती परत येईल ना? तासाचे पैसे, चाकातली हवा, ब्रेकची पकड हे सगळे त्यानंतरचे.

या घोरावरचा सर्वांत जुना उपाय ओळखीचा. जबलपूरच्या खमरियात 1942 मध्ये दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती कामगारांच्या वसाहती वसल्या. पाळीचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. खडकी, वरणगाव, भंडारा इथल्या कारखान्यांतून बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाची सायकल रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून मागाहून यायची, तोवर भाड्याची. अशा वसाहतीत दुकानदाराने अनामत मागणे म्हणजे अपमानच. कोणता सेक्शन, कोणते क्वार्टर, एवढे कळले की जामीन झाला. पोराने सायकल नेली तर वडिलांचा सेक्शन पुरे.

या सायकली लांबून ओळखू येत. मडगार्डवर पांढऱ्या रंगात दुकानाचे नाव आणि मोठा आकडा. कॅरिअर बहुधा काढून टाकलेले, कारण डबलसीट नेली की रिमला बाक येतो. वहीत आकडा आणि वेळ लिहिली जाई. पंक्चर नेणाऱ्याच्या माथी, मग खिळा कोणाचाही असो. सीटवर पाय न पोचणारी मुले नळीखालून पाय घालून अर्धे पॅडल मारत शिकत. अर्ध्या तासाच्या पैशात पाऊण तास मारायचा प्रयत्न तर सगळेच करीत.

ओळख नसलेला गिऱ्हाईक आला की हा उपाय संपतो. मध्य प्रदेशातच खजुराहोत परदेशी पाहुणे भाड्याच्या सायकलीवरून जुन्या गावातली जवारी, वामन आणि दक्षिणेकडची दुलादेव, चतुर्भुज ही देवळे पाहत हिंडतात. तिथे ओळखीची जागा आगाऊ पैसे किंवा ओळखपत्र घेते.

अॅमस्टरडॅममध्ये 1965 साली प्रोव्हो गटाच्या तरुणांनी उलटेच करून पाहिले: पांढऱ्या रंगाच्या, बिनकुलपाच्या सायकली रस्त्यावर, कोणीही न्याव्यात. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण सायकलीला कुलूप हवे असा तिथला नियम होता. कोपनहेगनने 1995 मध्ये वीस क्रोनरचे नाणे घालून सुटणारी सायकल आणली. जागेवर लावली की नाणे परत. पॅरिसने 2007 च्या जुलैत कार्डावर चालणारी वेलिब सुरू केली. वहीवाल्याचे काम आता यंत्र करते, आणि पंधरा मिनिटांची सूट देत नाही. पुण्यात 2017 च्या डिसेंबरात अॅपवरच्या सायकली आल्या. मोडतोड इतकी झाली की योजना फार टिकल्या नाहीत. एके काळच्या सायकलींच्या शहराला हे शोभले नाही.

खमरियाची पुढची पिढी नोकरीसाठी परदेशी गेली, तिच्याकडे पाहुणे म्हणून जाणाऱ्यांची तिथे सायकलच्या दुकानदाराशी गाठ पडते. तो मूळ पासपोर्ट ठेवून घेतो म्हणाला तर नाही म्हणावे. झेरॉक्स किंवा रोख अनामत चालते का ते विचारावे. युरोपात बहुतेक देशांत उजव्या बाजूने चालवायचे असते, आणि डावा ब्रेक साधारणतः पुढच्या चाकाचा असतो, म्हणजे आपल्या सवयीच्या उलट. पुष्कळ डच सायकलींना हाताचा ब्रेकच नसतो. पॅडल मागे दाबले की मागचे चाक थांबते. पॅडल उलटे फिरवायची ज्याला सवय, तो पहिल्याच वळणावर दचकतो. मागच्या चाकाच्या कुलपाशिवाय एक साखळी लागतेच आणि ती खांबाला गुंतवायची. रात्री दिवा नसेल तर दंड. जपानात डावीकडूनच चालायचे असल्याने सोपे वाटते, पण जागा नसलेल्या ठिकाणी लावलेली सायकल उचलून नेतात.

नेण्याआधी ब्रेक, हवा आणि साखळी पाहावी, आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढावेत. चोरीचा विमा भाड्यात धरला आहे की वेगळा, हे कागदावर वाचावे. दुकान बंद व्हायची वेळ विचारून ठेवावी, कारण पाच मिनिटे उशीर झाला तर दुसऱ्या दिवसाचे भाडे पडू शकते. कार्डावर अडवलेली अनामत मोकळी व्हायला काही दिवस लागतात. तोपर्यंत पावती जपून ठेवावी.