२५ तासांची शिक्षा

सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेनऊला लॅपटॉप उघडून बसायचं, तेही विम्याचे नियम ऐकायला! सांगा, कुठल्या जन्मीचं पाप? मी पुण्यातल्या एका छोट्या इन्शुरन्स ब्रोकिंग फर्ममध्ये आहे. ब्रोकरचं रजिस्ट्रेशन तेव्हा तीन वर्षांचं असायचं. ते रिन्यू करायचं तर माझ्यासारख्या 'क्वालिफाइड' मंडळींना २५ तासांचं ट्रेनिंग कम्पल्सरी होतं. २०२४ च्या मे महिन्यात माझा नंबर लागला.

माझी स्ट्रॅटेजी सिंपल होती. कॅमेरा ऑन, चेहरा गंभीर, मोबाइल टेबलाखाली. नऊ वर्षं हेच काम करतेय, मला काय नवीन सांगणार? (आमच्या बॉसचंही हेच मत, फक्त तो बोलून दाखवत नाही.)

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर डोळे मिटत होते, तेवढ्यात सर म्हणाले, ''फ्री लुक आता सगळ्यांना ३० दिवस.''

झोप खाडकन उडाली. फ्री लुक म्हणजे पॉलिसी हातात पडल्यावर नको वाटली तर परत करायची मुदत. स्टॅम्प ड्युटी, मेडिकलचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचं रिस्क प्रीमियम कापून बाकी पैसे परत. घरी एजंटकडून घेतलेल्या कागदी पॉलिसीला आधी १५ दिवस मिळायचे. एप्रिल २०२४ पासून ३० झाले. तसा मेलही आला होता म्हणे. मी 'नंतर वाचू' म्हणून ठेवला असणार.

दोनच आठवड्यांपूर्वी तळमजल्यावरचे काका फाइल घेऊन आले होते. रिटायर्ड माणूस. ''एफडी आहे म्हणून सांगितलं गं त्याने. आता म्हणतो, दरवर्षी साठ हजार भरायचे, दहा वर्षं!'' पॉलिसी येऊन २० दिवस झाले होते. मी एक्स्पर्टच्या थाटात म्हणाले, ''काका, १५ दिवस होऊन गेले. आता काही होत नाही.'' त्यांनी निमूटपणे फाइल बंद केली, चहा घेतला आणि गेले.

कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. आज ३४ वा दिवस.

संध्याकाळी खाली गेले. तीन जिने उतरताना वाटलं, त्यांना कुठे माहितीये, कशाला सांगायचं? पण सांगितलं.

''म्हणजे मी आलो तेव्हा झालं असतं?''

''हो काका.''

काकूंनी टीव्ही बंद केला. कुणीच काही बोललं नाही. मग मीच म्हणाले, फसवून विकल्याची लेखी तक्रार कंपनीकडे करू. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल आहेत. पुण्यातच ऑफिस आहे, फी नाही. काकांनी एजंटने दिलेलं माहितीपत्रक शोधून काढलं. मार्जिनमध्ये निळ्या पेनाने चक्क 'एफडी' लिहिलेलं!

''हे तरी नक्की ना गं?'' काकांनी विचारलं.

मी वर जाऊन लॅपटॉप आणला. ट्रेनिंगच्या नोट्स उघडल्या, ते पान दोनदा वाचलं आणि मगच ''हो'' म्हणाले.