चीवर आणि चिंधी

जुने वस्त्र आमच्यासाठी कधीच केवळ वस्त्र नव्हते. मृतांची वस्त्रे हीच चांडाळांची वस्त्रे, असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहिले आहे. मढ्यावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ मानणाऱ्या गावगाड्याने तेच चालविले. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना वेश बदलण्यास सांगितले. कपडा फाटका असला तरी स्वच्छ असावा, जात सांगणारे नेसणे सोडावे, असा त्यांचा आग्रह होता. १४ एप्रिलला मुलांना कोरे कपडे घालण्यासाठी आमच्या आईवडिलांनी उसनवारी केली आहे. म्हणून ‘जुनेच वापरा’ हा पर्यावरणाचा उपदेश ऐकताना आमच्या मनात थोडी अढी येते. ती यावी, असेच आम्हास वाटते.

तरी प्रश्न खोटा ठरत नाही. जगात दरवर्षी सुमारे नऊ कोटी टन कापडाचा कचरा होतो, असा अंदाज आहे. स्वस्त कपड्यांत बहुधा पॉलिएस्टर असते. ते खनिज तेलापासून बनते, धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात आणि टाकल्यावर ते कुजत नाही. चिलीच्या अटाकामा वाळवंटात अशा कपड्यांचे डोंगर साचले. आपल्या देशात पानिपतला (जेथील तीन लढायांपलीकडे आम्ही वर्गात क्वचितच जातो) परदेशांतून आलेले जुने कपडे स्त्रिया निवडतात, गुंड्या व चेनी कापून काढतात, रंगवार ढीग लावतात. मग यंत्रे ते पिंजतात, सूत निघते, स्वस्त ब्लँकेटे होतात. उडणारी धूळ कामगारांच्या छातीत जाते. मुंबईत भांड्यांवर कपडे घेणारी बोहारीण गाठोडे वाहून हाच संसार चालविते. टाकणारे वेगळे आणि उचलणारे वेगळे, ही वाटणी आम्हास फार ओळखीची आहे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात निराळी वाटणी सापडते. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दिली. एवढ्यांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे विरली त्यांना देऊ, आनंद म्हणाले. आणि विरलेल्यांचे? त्यांचे पलंगपोस, पुढे गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, पायपुसणे, झाडण्याचे फडके; अखेर कुटून, चिखलात कालवून जमीन लिंपू. ज्या संघाने वापरले, त्यानेच शेवटपर्यंत निस्तरले. शिवाय भिक्खूने चिंधी स्वतः निवडली होती; आमच्या पूर्वजांवर ती लादली गेली.

वसतिगृहास जुने कपडे देऊ इच्छिणारे अनेक येतात. मळकी, फाटकी गाठोडी आम्ही नम्रपणे परत करतो. मात्र मोठ्या मुलांचे आखूड झालेले गणवेश धुऊन, गुंड्या लावून धाकटे घालतात. अगदीच विरले तर शिवणवर्गात त्यांच्या पिशव्या व वाकळा होतात. पालकांस विनंती एवढीच, की स्नेहसंमेलनाच्या एका नाचासाठी चमचमते कपडे विकत घेऊ नयेत. १४ एप्रिलला मात्र कोरा सदरा जरूर घ्यावा. सुती, वाढत्या अंगाचा, शिवणीत दोन बोटे कापड सोडलेला.