पॅरिसच्या पेठेत सोन्याचा चेंडू

आधी दिसलं काहीच नाही, नुसता आवाज आला. सीन नदीवरचा पूल ओलांडून मी शातलेच्या चौकाकडे निघालो होतो आणि समोरून एक गर्जनाच अंगावर आली. "उस्माऽऽन! बालों दोर!" मग टाळ्या, पुन्हा गर्जना, पुन्हा टाळ्या. माझे पाय जागीच थबकले. अहो, हा आवाज मी लहानपणापासून ऐकत आलोय! कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण हे फुटबॉल संघ समोरासमोर आले, की पेठापेठांतून अशीच लाट उसळते. फरक एवढाच, की इथे हलगी नव्हती. हलगी असती तर मी पॅरिसात आहे हे पार विसरलो असतो.

22 सप्टेंबर 2025 ची ती संध्याकाळ. जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा 'बालों दोर' (बॅलन डी ओर), म्हणजे सोन्याचा चेंडू, त्या रात्री शातले नाट्यगृहात द्यायचा होता. मुद्दाम पुन्हा सांगतो, नाट्यगृहात! मैदानात नव्हे. मी आपला एखाद्या भल्या थोरल्या स्टेडियमची कल्पना करून आलो होतो, आणि समोर उभं 1862 सालचं, कमानींचं, फिक्या दगडाचं थिएटर. चौकाच्या मधोमध कारंजं, त्याच्या तळाशी तोंडातून पाणी सोडणारे दगडी स्फिंक्स, आणि वर खांबाच्या टोकाला सोन्याचा मुलामा दिलेली विजयदेवता. मावळतीचा उजेड नेमका तिच्यावर पडलेला. चौकाच्या पलीकडे, पहिल्याला उत्तर दिल्यासारखं दुसरं थिएटर.

आणि मला आठवलं आमचं केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 चं. पाठीला पाठ लावून खासबागेचं कुस्ती मैदान. एका भिंतीअलीकडे संगीत नाटक, पलीकडे लाल माती. 1902 साली महाराज युरोपात आले होते, आणि रोमचं कलोसियम पाहून त्यांना खासबागेची कल्पना सुचली, असं आमच्याकडे घरोघरी सांगतात. नाटक आणि खेळ शेजारी नांदवण्याची अक्कल आपल्याकडे केव्हाचीच आहे म्हणायची! ते नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये जळालं. शातलेच्या भरजरी दारासमोर उभं राहून मला त्या काळ्या पडलेल्या भिंती दिसत होत्या. पण ते असो.

आत जायला निमंत्रण लागतं. माझ्याजवळ होती एक छत्री आणि एक शेंगदाण्याचा लाडू. म्हणून मी उभा लोखंडी कठड्याबाहेर, निळ्या-लाल जर्सी घातलेल्या पोरांच्या गर्दीत. काळ्या गाड्या येतायत. दार उघडतं, चकचकीत बूट खाली टेकतो, आणि कॅमेऱ्यांचा असा काही लखलखाट होतो की दिवाळीतला भुईनळा फिका पडावा. लामिन यमाल आला. वय अवघं 18! आमच्याकडे या वयाचं पोरगं बारावीच्या निकालाची वाट बघत असतं. हे पोरगं लाल गालिच्यावरून घरच्यांना घेऊन चाललंय, जणू वरातीतला नवरदेवच. सगळे काळ्या कोटात. ज्यांना आपण कायम घामाने निथळलेले, चिखलाने माखलेले पाहिले, ते असे इस्त्रीतले पाहून मला उगाच चुकल्यासारखं झालं.

अंधार पडला तशी थंडी झोंबायला लागली आणि मी कोपऱ्यावरच्या कॅफेत शिरलो. तिथे खरी गंमत. भिंतीवर दोन टीव्ही. एकावर हा सोहळा आणि दुसऱ्यावर चक्क मॅच! पॅरिसचा संघ, म्हणजे पॅरिस सें-जर्मेन, त्याच रात्री मार्सेलात खेळत होता. सामना आदल्या दिवशी व्हायचा होता, वादळामुळे पुढे ढकलला, तो नेमका सोहळ्याच्या मुहूर्तावर येऊन बसला. लग्न आणि परीक्षा एकाच दिवशी! पुरस्कारासाठीच्या 30 जणांच्या यादीत या एका क्लबचे 9 खेळाडू, आणि त्यातले कितीतरी जण थिएटरात नव्हे, मैदानात. पाचव्याच मिनिटाला मार्सेलने गोल मारला. कॅफेभर जो सुस्कारा उठला, तो थेट आपल्याकडच्या "आईशप्पथ!"च्या जातीचा.

मग पहिल्या टीव्हीवर सर्वोत्तम प्रशिक्षकाचं नाव आलं. लुइस एन्रिके. पण मंचावर तो कुठे? तो आपल्या संघाबरोबर मार्सेलात, हरत असलेल्या सामन्यात! एका पडद्यावर त्याचा गौरव, दुसऱ्यावर त्याच्या संघाची फरफट. बाजूचा म्हातारा दोन्हीकडे आळीपाळीने बघत मिशीत हसत होता. मला मात्र या योगायोगापेक्षा एका गोष्टीचं आश्चर्य वाटलं. सोन्याचा चेंडू द्यायला सुरुवात झाली 1956 मध्ये, आणि प्रशिक्षकांसाठीची ही योहान क्रायफ ट्रॉफी आली थेट 2024 मध्ये. वस्तादाची आठवण व्हायला 68 वर्षं लागली! आमच्याकडे पैलवान जिंकला की आधी वस्तादाच्या पायावर डोकं ठेवतो, गदा नंतर. महिला संघांच्या प्रशिक्षकांतून मान मिळाला सरिना वीगमनला. तिच्या हाताखाली इंग्लंडच्या मुलींनी त्याच उन्हाळ्यात युरोपचं विजेतेपद राखलं होतं.

त्याच रात्री आणखी एक पुरस्कार एन्रिकेच्या घरी गेला. त्याची मुलगी साना नऊ वर्षांची असताना 2019 मध्ये गेली. तिच्या नावाने त्याने आणि त्याच्या पत्नीने संस्था काढली. समाजकार्याचा सॉक्रेटिस पुरस्कार त्या संस्थेला मिळाला. कॅफेतला गलका तेवढ्यापुरता थांबला. कपबश्यांचा आवाजही नाही.

आणि तो चेंडू! जवळून दाखवला तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच. मेलेरियो नावाच्या पॅरिसच्या पेढीत तो घडतो. ही पेढी 1613 पासूनची, म्हणजे शिवरायांच्या जन्माआधीची! आणि गुपित ऐका: चेंडू अस्सल सोन्याचा नाही. आत पितळ, वर सोन्याचा मुलामा. शिवणी हाताने कोरलेल्या. त्याची बैठक असते पायराइट या खनिजाची, जे सोन्यासारखं चमकतं आणि सोनं नसतं. गुजरीतल्या आमच्या सराफाला सांगितलं तर तो कसोटीचा दगड घेऊन पॅरिसला येईल. सोबत रोख रक्कमही नाही. तरीही या मुलाम्यासाठी कोट्यधीश माणसं रडतात.

रडतात म्हणजे खरंच रडतात. महिलांचा चेंडू सलग तिसऱ्यांदा ऐताना बोनमतीने नेला, आणि मग रोनाल्डिन्यो मंचावर आला. तो आला की हसू येतंच, त्याचे दातच आधी बोलतात. पाकीट उघडलं. नाव: उस्मान डेम्बेले, याच पॅरिसच्या संघाचा!

कॅफे हादरलं. खुर्च्या सरकल्या, ग्लास आपटले, अनोळखी माणसाने मला मिठी मारली, आणि मीही त्याला. नाक्यावरून भोंगे सुरू झाले. पडद्यावर डेम्बेले बोलतोय, घरच्यांचं नाव निघालं आणि त्याचा कंठ दाटून आला. कितीतरी वर्षं दुखापतींनी बेजार झालेला, बार्सिलोनात लोकांनी निकालात काढलेला हा माणूस काळ्या कोटात लहान पोरासारखा रडतोय. मग त्याची आई मंचावर आली. माली आणि मॉरिटानियाच्या मुळांचं हे कुटुंब, पोरगं वाढलं नॉर्मंडीतल्या एव्हरू गावात. कोपा, प्लाटिनी, पापाँ, झिदान, बेंझेमा यांच्यानंतर हा सहावा फ्रेंच. त्या माऊलीचा चेहरा पाहताना मला 2017 आठवलं. 17 वर्षांखालील विश्वचषकात आमचा अनिकेत जाधव भारताकडून उतरला, तेव्हा कोल्हापुरातल्या किती आयांनी टीव्हीपुढे असेच डोळे पुसले असतील!

मार्सेलातला सामना तोवर 1-0 असाच संपला होता. पॅरिस हरलं होतं. पण त्या घटकेला दुसऱ्या टीव्हीकडे बघतो कोण!

निघताना त्या मिशीवाल्या म्हाताऱ्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुमच्या देशाचं मत कुणाला?" मी फुशारकी मारणार होतो, तेवढ्यात नियम आठवला. हा पुरस्कार पत्रकारांच्या मतांवर ठरतो, एका देशाचा एक पत्रकार, 30 नावांतून 10 निवडायची. पुरुषांच्या चेंडूसाठी मत मिळतं ते फिफाच्या क्रमवारीतल्या पहिल्या 100 देशांना. भारत तेव्हा 130 च्याही खाली होता.

"नाही," मी म्हटलं, "आमचं मत नसतं."