बारशाआधीचे बारसे

वाचकहो, बाळाच्या जन्माआधीच त्याचे नाव, नाक नि रंग सांगणाऱ्या शेजारणी आपणांस ठाऊक असतीलच. ॲपल कंपनीच्या नव्या यंत्रांभोवतीही अशी मंडळी जमतात! २००९ च्या अखेरीस तिच्या पाटीसारख्या संगणकाची वार्ता उठली : नाव ‘आयस्लेट’, किंमत हजार डॉलर. आईला मोठ्या अक्षरांत वाचता यावे म्हणून मी साधा संगणक घेणार होतो; तो बेत या वार्तेपायी लांबणीवर टाकला. २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स यांनी यंत्र दाखविले. नाव निघाले ‘आयपॅड’, किंमत ४९९ डॉलरांपासून! जाणकार तोंडघशी पडले, मी हर्षलो. पण भारतात ते विक्रीस आले २०११ च्या जानेवारीत. तोवर आईची नजर पुरती मंदावली होती. उद्याच्या वार्तेसाठी आजची निकड ताटकळत ठेवू नये, हे मला तेव्हा उमगले.