पाणवठ्याची वाट

आम्ही मराठीचे अध्यापक. शुद्धलेखन शिकवण्यात हयातीचा बराच काळ गेल्यामुळे 'शुद्ध' या शब्दाची आम्हांला इतकी सवय झालेली आहे, की त्याच्या पोटात काय काय दडले आहे याचा विसर पडतो. पिण्याच्या पाण्याविषयी बोलताना मात्र तो विसर परवडणारा नाही. गावात तंटा होतो, एका वस्तीवर बहिष्कार पडतो आणि त्या वस्तीला शुद्ध पाणी मिळावे अशी मागणी होते. मागणी रास्तच असते. परंतु पाणी शुद्ध असणे आणि ते भरायला जाणारी व्यक्ती सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या इतिहासात त्या पुष्कळदा एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिलेल्या दिसतात.

आमच्या पुण्यापासूनच आरंभ करू. कात्रजच्या तलावाचे पाणी पेशवाईपासून या शहराच्या हौदांत खेळत होते. वाण होती ती पाण्यापर्यंत पोहोचण्याच्या अधिकाराची. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यांनी नवा झरा शोधला नाही. होते त्याच पाण्याची वाट मोकळी केली.

पुढची कथा महाडची. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले ठराव संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदोपत्री खुले झाले. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला. तरी चवदार तळ्यावर जाण्याची कोणाची छाती होत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेला आलेले लोक तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला. परतीच्या वाटेवरील खेड्यांतही काहींना मार खावा लागला. पाणी तळ्यात होते, ठराव दप्तरात होता आणि धोका वाटेवर होता.

त्यानंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी युक्त अशा १०८ घागरी मंत्रोच्चारासह तळ्यात ओतल्या गेल्या. रॉबर्ट कॉखने कलकत्त्याच्या एका तळ्यात पटकीचा जंतू दाखवून दिला तो १८८४ साली. म्हणजे दूषित पाणी कशाला म्हणावे, हे जगाला कळून तोवर चार तपे होत आली होती. महाडला मात्र माणसाच्या ओंजळीने पाणी बाटले आणि शेणाने ते शुद्ध झाले! एका शब्दाचा इतका संपूर्ण विपर्यास आमच्या पाहण्यात दुसरा नाही. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे.

हे सारे पारतंत्र्यातले, असे म्हणून सुटका होत नाही. दुष्काळाच्या १९७२ साली पुणे जिल्ह्यातल्याच बावड्याला दलितांवर बहिष्कार पडला; त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे विहिरीचे पाणी प्याल्याच्या कारणावरून दलित स्त्रियांची विटंबना झाली. दलित पँथर उभी राहिली ती याच अस्वस्थतेतून.

दलित आत्मकथने शिकवताना एकदा वर्गात पाणवठ्याचा विषय निघाला. मराठवाड्यातून आलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, "आजीला तहानेपेक्षा थांबणं जास्त आठवतं. कोणीतरी येऊन वरून पाणी वाढेपर्यंत आडापाशी उभं राहायचं." त्या तासाला आम्हांला पुढे फार काही बोलता आले नाही. लिटरमध्ये मोजता येते ते पाणी. हे थांबणे कोणत्या मापाने मोजावे?

कायद्याने ते जाणले आहे. संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या वापरातील पाणी घाण करणे हा गुन्हा ठरवला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१७ साली अमलात आला. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. घरात नळ आला की पाणवठ्यावरचे थांबणे संपते, हे त्याचे मोठेच मोल होय. तथापि नळाला चावी असते आणि चावी कोणाच्या तरी हातात असते. तंट्याच्या दिवसांत ती शेवटच्या वस्तीसाठीही वेळेवर फिरते का, हे पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून कळत नाही.

म्हणून दुभंगलेल्या गावात पाणी द्यायला निघालेल्यांनी क्लोरीनची बाटली अवश्य न्यावी. आधी मात्र पाणवठ्याची वाट चालून पाहावी, आणि तीही ज्यांना ती वर्ज्य होती त्यांच्या सोबतीने. आम्ही आमच्यापुरते एवढेच ठरवले आहे की, 'शुद्ध' हा शब्द वर्गात आला की 'कोणाच्या लेखी?' हा प्रश्न त्याच्यामागून यायलाच हवा.