कॉफी पॅरिसची, रस्ता अमेरिकेचा!

पॅरिसमधल्या त्या कॅफेत बिल मीच देणार, हे आधीच ठरलं होतं. मोठ्या रुबाबात कार्ड मशीनला टेकवलं. 'टिंग'! समोर माझी कॉलेजची मैत्रीण बसली होती. ती तिथे बँकेत काम करते. हसून म्हणाली, "कार्ड मुंबईचं, कॉफी पॅरिसची आणि मधला रस्ता अमेरिकेचा. आहे ना गंमत?"

मला कसली गंमत कळणार! पैसे गेले ना, बास!

मग तिने निकोला गियू यांचा किस्सा सांगितला. हे फ्रेंच गृहस्थ हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात न्यायाधीश आहेत. इस्रायलच्या पंतप्रधानांविरुद्धच्या अटक वॉरंटमुळे ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने त्यांच्यावर निर्बंध लादले. झालं! कार्डं बंद, अमेरिकन कंपन्यांकडची ऑनलाइन खाती बंद. फ्रान्समधल्याच एका हॉटेलचं बुकिंगही रद्द. म्हणजे माणूस युरोपचा, पैसा युरोपचा, पण स्विच दुसऱ्याच्याच हातात.

"अगं, पण तुमचा युरो आहे ना?" मी विचारलं.

आहे की! 1 जानेवारी 2002 पासून लोकांच्या खिशात आहे. पण नोट एक झाली, कार्ड काही एक झालं नाही. फ्रान्सचं 'सीबी' वेगळं, जर्मनीचं 'गिरोकार्ड' वेगळं. युरो वापरणाऱ्या 13 देशांत तर दुकानातलं कार्ड पेमेंट सगळं परदेशी कंपन्यांवर चालतं. सोय होती, त्यामुळे कुणाला टेन्शन नव्हतं. आता कुठे धावपळ सुरू झालीय. युरोपियन बँकांनी 2024 मध्ये 'वेरो' आणलं. कायदा वेळेत झाला, तर 2029 मध्ये डिजिटल युरो आणायचा युरोपियन सेंट्रल बँकेचा विचार आहे.

माझी कॉलर लगेच ताठ! "आमचं रुपे 2012 चं, यूपीआय 2016 चं. 2024 पासून आयफेल टॉवरचं तिकीटसुद्धा यूपीआयने काढता येतं, मॅडम!"

"मान्य. अ‍ॅप कुणाचं वापरतेस?"

मी फोनकडे बघितलं. अ‍ॅप अमेरिकन कंपनीचं. फोनची सिस्टीमही तिकडचीच. रस्ता आपला, पण गाडी? कॉलर आपोआप खाली आली.

दुसरी कॉफी तिने पाजली. रोख. युरोच्या नोटा मोजून.