ग्रेंडायझरचा आवाज

आखातात वाढलेल्या, आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या कुणालाही 'ग्रेंडायझर' हा शब्द ऐकवून पाहा. तो माणूस दापोलीचा असो, भटकळचा असो की नाब्लुसचा, त्याचा चेहरा बदलतो. आणि पाठोपाठ 'त्याची डीव्हीडी कोणती घ्यावी?' एवढंच विचारलंत तर तासभर तरी तुमची सुटका नाही. आमच्या जुन्या कुवेती मित्रमंडळींत हा वाद गेली अनेक वर्षं चालू आहे. घरात माझा मुलगाही त्यात उतरला आहे. वाद कार्टूनचा असला तरी मी तो पोरकट मानत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गो नागाई या जपानी चित्रकथाकाराच्या कल्पनेतून तोएई कंपनीनं 'यूफो रोबो ग्रेंडायझर' ही मालिका काढली. जपानमध्ये ती ५ ऑक्टोबर १९७५ ते २७ फेब्रुवारी १९७७ या काळात दाखवली गेली. एकूण ७४ भाग. फ्लीड नावाच्या ग्रहावर वेगाची फौज हल्ला करते आणि विषारी किरणोत्सर्गानं ग्रह राहण्याजोगा उरत नाही. तिथला राजपुत्र ड्यूक फ्लीड ग्रेंडायझर हा अवाढव्य यंत्रमानव घेऊन निसटतो, पृथ्वीवर येतो. डॉक्टर उमोन त्याला मुलगा मानतात, दाइसुके हे नाव देतात. तो गोठ्यात राबतो, गाईगुरं सांभाळतो, आणि वेगाची यानं आली की यंत्रमानवात बसून लढतो. पोटापाण्यासाठी परक्या मुलखात राहणारा, तिथल्यांसाठी जीव धोक्यात घालणारा आणि रात्री आकाशाकडे बघत बसणारा माणूस. आमच्या इमारतीतल्या निम्म्या बिऱ्हाडांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नव्हती.

ही मालिका अरबीत आली ती बैरूतहून. लेबनॉनमध्ये १९७५ साली यादवी सुरू झाली होती, ती १९९० पर्यंत चालली. त्याच धुमश्चक्रीत, सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस, बैरूतमधल्या नटांनी या जपानी पात्रांना आवाज दिले. ड्यूक फ्लीडचा आवाज जिहाद अल-अत्रश यांचा, शीर्षकगीत सामी क्लार्क यांचं. बाहेर गोळीबार चालू असताना आत माइकसमोर उभं राहून मुलांसाठी कार्टून बोलायचं, याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही.

आणि ते बोलले कोणत्या भाषेत? फुस्हात, म्हणजे ग्रांथिक, शुद्ध अरबीत. इथं माझा मुद्दा सुरू होतो.

कुवेतमध्ये आम्हा मुलांच्या कानावर तीन प्रकारची अरबी पडायची. खाली बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, 'शलोनक' आणि 'शिनु'वाली कुवेती बोली. टीव्हीवरच्या नाटकांत मिसरी. आणि तिसरी हाफिजसाहेबांच्या समोर बसून आम्ही जी वाचायचो ती. हाफिजसाहेब आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. उच्चारात चूक झाली की डोळे न उघडता अडवायचे. सिपारे मी भराभर संपवले, पण अर्थ? अर्थाचा प्रश्नच नव्हता. घरात कोकणी बोली, शाळेत इंग्रजी, अम्मीची पत्रं मराठीत, अब्बांचं वर्तमानपत्र उर्दूत. अरबी ही डोकं झाकून, वजू करून उच्चारायची गोष्ट होती; तिच्यात कुणी कुणाला हाक मारत असेल, 'थांब', 'मागे हो' म्हणत असेल, असं मनातही येत नसे.

ड्यूक फ्लीड यानात बसला की ओरडायचा, 'ग्रेंडायझर, इन्तलिक!' म्हणजे नीघ, झेप घे. आम्ही जिन्यावरून उड्या मारताना हेच ओरडायचो. एका जुम्म्याला सूरह कहफ वाचताना हजरत मूसांच्या सफरीच्या भागात मी 'फन्तलका' या शब्दावर आलो आणि अडखळलो. पुढे तोच शब्द पुन्हा, मग आणखी एकदा. हाफिजसाहेबांना वाटलं उच्चार चुकतोय. उच्चार बरोबर होता. मला कळलं होतं की 'ते दोघे निघाले' असं काहीतरी इथं म्हटलं आहे. कलामे-पाकमधला अर्थासकट कळलेला माझा पहिला शब्द मला एका जपानी यंत्रमानवानं दिला, बैरूतच्या एका नटाच्या तोंडून. हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. हाफिजसाहेबांना आवडलं असतं, असं आज वाटतं.

मालिका घरी जपून ठेवायची ती व्हिडिओ टेपवर. अब्बांनी व्हीसीआर घेतला, आणि टीव्हीवरून भरलेल्या टेपा साठू लागल्या. त्यांवर अम्मीच्या अक्षरात मराठीत नावं : 'लग्न – ताई', 'नाटक', 'ग्रेंडा. १'. सुट्टीत गावी येताना त्यांतल्या दोन-तीन टेपा कपड्यांत गुंडाळून यायच्या. गावातली पोरं अंगणात बसून अरबीतला ग्रेंडायझर बघायची, एक अक्षर न कळता. दादी पहिल्या दिवशी डोक्यावर पदर ओढून अदबीनं बसली. तिला वाटलं काहीतरी दीनी चाललंय. मग पडद्यावर शिंगंवाला यंत्रमानव आला आणि ती उठून चुलीकडे गेली. सौदीत असलेल्या मामूंनी पाठवलेली टेप मात्र आमच्याकडे काळी-पांढरीच दिसायची, कारण सौदीची रंगपद्धत सेकाम आणि कुवेतची व आपली पाल. मामूंना वाटे, आम्हीच टेप खराब केली.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा अम्मी आणि आम्ही भावंडं उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी खेड तालुक्यातल्या गावी होतो. अब्बा तिकडे. त्या वर्षी अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना आणलं, त्यांत अब्बा होते. हातात एक बॅग होती. टेपांबद्दल विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. खालच्या मजल्यावर एक फलस्तीनी कुटुंब राहायचं, त्यांचा मुलगा माझ्या वयाचा. युद्धाआधी कुवेतमध्ये सुमारे चार लाख फलस्तीनी होते; युद्धानंतर त्यांतल्या बहुतेकांना तिथून जावं लागलं. तो आता अम्मानमध्ये असतो. पंधरा-वीस वर्षांनी आमची पुन्हा गाठ पडली ती फोनवर, आणि पहिल्या दहा मिनिटांत विषय कशाचा निघाला असेल ते सांगायला नको.

तर आता डीव्हीडी. जपानमध्ये निघालेल्या संचांत चित्र स्वच्छ, रंग झळझळीत आणि आवाज साहजिकच जपानी. बैरूतचा आवाज त्यांत कुठून असणार? आखाती बाजारात मिळतात त्यांतले बरेचसे संच घरगुती उद्योग वाटावेत असे : चित्र जपानी प्रतीवरून घेतलेलं, त्यावर कुणाच्या तरी जुन्या टेपेवरचा अरबी आवाज चिकटवलेला. मी एका दुकानातून घेतलेल्या संचात चौथ्या भागापासून शब्द आधी येतात आणि ओठ मागून हलतात. याला कारण आहे. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चित्रांनी धावते, पाल पद्धतीच्या टीव्हीवर ती २५ नं चालवायचे. म्हणजे सगळं चार टक्के वेगानं. चोवीस मिनिटांचा भाग तेवीस मिनिटांत संपायचा आणि आवाज किंचित चढा लागायचा. आज मूळ गतीचं चित्र घेऊन त्यावर टीव्हीवरून भरलेला आवाज बसवायचा तर आवाज संथ करावा लागतो. केला, की आमच्यातले काही जण कुरकुरतात की सामी क्लार्कचा गळा जड झाला. मला विचाराल तर तो आता खरा झाला. पण आमच्या लहानपणात तो तसा नव्हता, हेही खरंच.

फ्रान्समध्ये हीच मालिका ३ जुलै १९७८ पासून 'गोल्डोराक' नावानं दाखवली गेली आणि तिथल्या पोरांनीही वेड घेतलं. तिथं ड्यूक फ्लीडचं नाव अक्तारूस. २००५ च्या सुमारास तिथं निघालेले संच मालकांच्या परवानगीविना काढल्याचं प्रकरण न्यायालयात गेलं, आणि रसिकांना रीतसर संचासाठी २०१३ पर्यंत थांबावं लागलं. तिथल्या रसिकांचा हट्टही आपल्यासारखाच : जपानी आवाज द्या हवा तर, पण आमचे जुने फ्रेंच आवाज काढू नका. अरबी बोलीत मात्र नावं तशीच राहिली, दाइसुके तो दाइसुके, कोजी तो कोजी. एवढ्या बाबतीत बैरूतवाले पॅरिसवाल्यांपेक्षा प्रामाणिक, असं आम्ही छाती फुगवून सांगतो.

माझा मुलगा पुण्यात शिकतो आणि जपानी कार्टून जपानीतच, खाली अक्षरं वाचत बघतो. त्याचं म्हणणं सरळ आहे. "अब्बा, ओरिजिनल ते ओरिजिनल. तुम्ही डब केलेलं बघता आणि त्यालाच खरं म्हणता." एका रविवारी त्यानं मला जपानी भाग ऐकायला बसवलं. केई तोमियामा यांचा ड्यूक फ्लीड. हाताची जुनी जखम ठसठसते तेव्हा तोमियामा आवाज खाली नेतात, जवळजवळ स्वतःशी बोलतात. अल-अत्रश त्याच जागी खतीबासारखे भरदार बोलतात. मुलाचा दावा मी तेवढ्यापुरता मान्य केला, कारण दुखणं जपानीत जास्त कळतं. पण लढाईला निघतानाची हाक? तिथं बैरूतला तोड नाही, आणि हे त्यालाही कबूल करावं लागलं.

'मूळ' आणि 'खरी' या शब्दांनी मी सावध होतो, त्याला दुसरंही कारण आहे. आम्हा कोकणी मुसलमानांना "तुमची खरी भाषा उर्दूच ना?" असं विचारणारे गावातही भेटले आणि जमातीतही. अम्मीनं टेपांवर मराठीत लिहिलेली नावं त्यांना कशी दाखवणार? ज्या भाषेतून गोष्ट माझ्यापर्यंत आली, तिला नक्कल म्हणायला मी तयार नाही. म्हणून माझी मागणी एवढीच की संचात दोन्ही आवाज असावेत, आणि डब्यावर बैरूतच्या नटांची नावं जपानी नटांइतक्याच मोठ्या अक्षरात छापावीत. २०२२ मध्ये रियाधला ग्रेंडायझरचा ३३.७ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला. त्याच वर्षी सामी क्लार्क वारले. २०२४ मध्ये 'ग्रेंडायझर यू' ही नवी मालिकाही आली, सौदी पैशाच्या पाठबळावर. पुतळ्यासाठी पैसा निघतो तर जुन्या फिती साफ करून घ्यायला का निघू नये?

अम्मानच्या मित्राला माझा हा तांत्रिक काथ्याकूट पटत नाही. चित्र पुसट असलं तरी चालेल, आवाज हलला तरी चालेल, असं तो म्हणतो. त्यानंही एक संच घेतलाय, मुलांना दाखवतो, स्वतःही बघतो. शेवटच्या भागात वेगाचा नायनाट होतो, फ्लीड ग्रहावर पुन्हा हिरवळ उगवल्याचं कळतं आणि ड्यूक फ्लीड बहीण मारियाला घेऊन आपल्या घरी परत जातो. त्या शेवटच्या डीव्हीडीचं वेष्टन त्यानं अजून फोडलेलं नाही. गेल्या ईदला फोन केला तेव्हा मी विचारलं, त्या भागात तरी आवाज जुळतो का रे? तो म्हणाला, "तू बघ आणि मला सांग."